लूसेट नौकेवरील कुटुंब : पॅसिफिक महासागरातील एका निर्णयाचा भौगोलिक विचार

दिनांक १५ जून १९७२ रोजी सकाळी, गॅलापागोस बेटांच्या पश्चिमेस सुमारे २०० मैलांवर, ‘लूसेट’ नावाच्या ४३ फूट लांबीच्या जुन्या लाकडी शिडाच्या नौकेस किलर व्हेल जातीच्या देवमाशांची धडक बसली आणि काही मिनिटांतच ती बुडाली. नौकेवर डुगल रॉबर्टसन, त्यांच्या पत्नी लिन, १८ वर्षांचा मुलगा डग्लस, नील व सँडी ही लहान जुळी भावंडे आणि पनामात सोबतीस आलेला एक तरुण विद्यार्थी अशी सहा माणसे होती. इंग्लंडमधील आपली शेती विकून, मुलांना जग दाखवावे या हेतूने, हे कुटुंब जानेवारी १९७१ मध्ये फाल्मथ बंदरातून निघाले होते. थोरली मुलगी वाटेत बहामा बेटांवर उतरली होती.

या घटनेची लोकप्रिय वर्णने बहुधा देवमाशांपाशीच रेंगाळतात. भूगोलाच्या अभ्यासकास मात्र त्यानंतरचा प्रश्न अधिक विचारार्ह वाटावा. फुगविलेला एक तराफा आणि साडेनऊ फुटांची एक लहान होडी एवढेच हाती उरले होते. नकाशा, होकायंत्र, उपकरणे सारी बुडाली होती; अन्नपाणी थोडे दिवस पुरेल इतकेच. अशा वेळी जावयाचे कोणीकडे?

सर्वांत जवळची भूमी म्हणजे गॅलापागोस. परंतु ती पूर्वेस, आणि त्या प्रदेशात आग्नेय व्यापारी वारे व दक्षिण विषुववृत्तीय प्रवाह हे दोन्ही पश्चिमेकडे वाहतात. चांगली नौका वाऱ्याविरुद्ध नागमोडी मार्गाने पुढे सरकू शकते. तराफ्यास ते सर्वथा अशक्य. म्हणजे २०० मैलांवरची बेटे व्यवहारतः अप्राप्यच होती. वाऱ्याबरोबर पश्चिमेस जावे, तर मार्केसस बेटे अडीच हजारांहून अधिक सागरी मैल दूर, आणि वाटेत पाण्याची निश्चिती नाही. विषुववृत्त म्हणजे विपुल पाऊस, असे आपण शाळेत शिकतो. पण पूर्व पॅसिफिकमध्ये विषुववृत्तालगत खालचे थंड पाणी वर येते, पृष्ठभागावरील हवा थंड व स्थिर राहते, आणि पाऊस दुर्मीळ होतो.

रॉबर्टसन पूर्वी व्यापारी जहाजांवर अधिकारी होते. वारे व प्रवाह यांची मांडणी त्यांना मुखोद्गत असावी, कारण त्यांनी निवडली ती तिसरी दिशा होती : उत्तर. सुमारे ४०० मैल उत्तरेस गेल्यास दोन्ही गोलार्धांतील व्यापारी वारे जेथे एकत्र येतात तो शांत पट्टा लागतो. तेथे हवा वर चढते आणि मुबलक पाऊस पडतो. शिवाय त्याच अक्षांशांत विषुववृत्तीय प्रतिप्रवाह पूर्वेकडे, मध्य अमेरिकेच्या किनाऱ्याकडे वाहतो. (आपल्याकडे जूनमध्ये कोकणावर मोसमी पाऊस येतो, तो याच अभिसरण पट्ट्याच्या उत्तरेकडील सरकण्याशी निगडित आहे, हे विद्यार्थ्यांनी येथे आठवावे.) दूरचा मार्ग अशा रीतीने जवळचा ठरला. होडीवर शीड उभारून तिच्याकडून तराफा ओढून नेण्यात आला.

सातव्या दिवशी एक जहाज जवळून गेले. निशाणीचे दिवे पेटविले, तरी कोणाचे लक्ष गेले नाही. त्या प्रसंगानंतर सुटकेची वाट पाहणे सोडून स्वतःच किनारा गाठावयाचा, असे रॉबर्टसन यांनी ठरविले. हा बदल केवळ मनाचा नव्हता. पाण्याची वाटणी, शिकार, पहारे या सर्वांची आखणी आता दिवसांऐवजी आठवड्यांच्या हिशेबाने करावी लागली.

पाण्याचा प्रश्न शरीरशास्त्राचाही होता. समुद्राच्या पाण्यात सुमारे साडेतीन टक्के क्षार असतात. ते बाहेर टाकण्यास, प्यालेल्या पाण्याहून अधिक पाणी मूत्रपिंडास खर्चावे लागते. म्हणून ते पिणे म्हणजे तहान वाढविणे होय. मांसाहारासही पाणी लागते, कारण प्रथिनांपासून होणारा यूरिया पाण्यावाटेच निघून जातो. या कोंडीतून वाट काढली ती समुद्री कासवांनी. कासवाच्या डोळ्यांजवळील ग्रंथी जादा क्षार बाहेर टाकतात, त्यामुळे त्याचे रक्त समुद्राच्या पाण्यापेक्षा पुष्कळच कमी खारट असते. ते गोठण्यापूर्वी पिऊन टाकीत. मांस उन्हात वाळवीत, जसे आपल्याकडे बोंबील वाळवितात. चरबीचे तेल काढून फोडांना लावीत.

लिन परिचारिका होत्या. होडीच्या तळाशी साचलेले, रक्त मिसळलेले पावसाचे पाणी तोंडाने पिण्याजोगे नव्हते, पण खारट नव्हते. मोठ्या आतड्यातून पाणी शोषले जाते हे जाणून त्यांनी ते बस्तीवाटे सर्वांना दिले. प्रस्तुत लेखकाच्या मते या हकिकतीतील सर्वांत शास्त्रशुद्ध कृती ती हीच.

सतराव्या दिवशी तराफा निकामी झाला आणि सहाही जणांना त्या साडेनऊ फुटी होडीत यावे लागले. काठ पाण्यापासून काही इंचच वर राहिला. एकाने जागा बदलावयाची तर इतरांनी तोल सांभाळावयाचा; झोपही पाळीपाळीने. ज्या पावसासाठी उत्तरेची वाट धरली, तोच आता एका रात्री इतका कोसळला की अखंड पाणी उपसावे लागले. आईबापांना मुलांचा घोट आधी राखावयाचा होता, आणि वल्ही मारण्याची शक्ती तर मोठ्यांनाच हवी होती. हा हिशेब कोणत्याही तक्त्यात बसणारा नव्हे.

२३ जुलै १९७२ रोजी, ३८ व्या दिवशी, ‘तोका मारू २’ या जपानी मासेमारी जहाजाने त्यांना उचलून घेतले व पनामास पोचविले. किनारा तेव्हा सुमारे ३०० मैलांवर होता. सहाही जण जिवंत होते. डुगल रॉबर्टसन यांचे त्याविषयीचे पुस्तक १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘एडनामेअर’ ही होडी पुढे फाल्मथ येथील सागरी संग्रहालयाकडे आली.