देव्हारा नसलेल्या घरातली भक्ती

मराठी ख्रिस्ती भक्तीचा आढावा घ्यायचा तर रायपूरकराने आधी राजनांदगावच्या दिशेने पाहावे, असे माझे जुने मत आहे. विद्वान मंडळी सुरुवात गोव्यापासून करतात. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 सालचे, सुमारे अकरा हजार ओव्यांचे. त्याच्या थोरवीबद्दल वाद नाही. त्यानंतरची दोनशे वर्षे मी खुशाल ओलांडतो. मिशनांचा काळही फार रेंगाळण्याजोगा नाही: 1842 पासूनचे ‘ज्ञानोदय’ नियतकालिक, शाळा, दवाखाने, विलायती चालींवर बसवलेली गीते. आपल्या छत्तीसगडात मिशनरी ऑस्कर लोर यांनी 1868 मध्ये बिश्रामपूरला काम उभे केले आणि सतनामी समाजातून तिथली मंडळी वाढली. काम मोठेच. पण हा सारा इतिहास संस्थांचा. चूल पेटवताना, ड्यूटीवर निघताना, भांडण झाल्यावर देवाशी बोलायचे कसे, हे संस्था शिकवत नाही.

ते शिकवले नारायण वामन टिळकांनी, आणि त्यांची वाट आपल्याच रुळांवरून गेली. 1893 साली नागपूरहून राजनांदगावला नोकरीसाठी निघालेल्या टिळकांना गाडीत एक अनोळखी गोरा गृहस्थ भेटला. बोलणे संस्कृत काव्यावरून धर्मावर गेले आणि उतरताना त्याने हातात नवा करार ठेवला. पुढे डोंगरावरील प्रवचनाशी आल्यावर टिळकांना पुस्तक खाली ठेववेना. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. इथवर सगळेच सांगतात. मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्ताच्या पायाशी आलो, हे टिळकांनी कधी लपवले नाही. ख्रिस्ताला त्यांनी माउली म्हटले, त्याच्याशी हट्ट केला, रुसले, लाडात आले. ‘अभंगांजली’ वाचताना दरबारात अर्ज घेऊन उभा असलेला माणूस दिसत नाही. घरातले पोर आईशी बोलते आहे असे वाटते. 1917 मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ नावाचे मंडळ काढले, बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा ठेवली, आणि दोनच वर्षांत, 1919 मध्ये, ते गेले. दरबार टिकला नाही म्हणून काहीजण तो फसला म्हणतात. अभंग घराघरांत गेले, तो हिशेब हे लोक धरतच नाहीत.

पंडिता रमाबाईंची साक्ष याहून परखड. 1883 साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावर कित्येक वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले. त्यांच्या मुक्ती मिशनमधील 1905 चे आध्यात्मिक संजीवन आजचे वक्ते हौसेने सांगतात. त्याच बाईने मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्यासाठी वर्षानुवर्षे मान मोडून काम केले, हे सांगताना मात्र त्यांना वेळ पुरत नाही.

आणि टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई! नवऱ्याच्या धर्मांतराने उन्मळलेली ही बाई काही वर्षे वेगळी राहिली, आपल्या पायांनी चालत आली आणि 1900 साली बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात तत्त्वज्ञान शोधू नका. तिथे सोवळे आहे, उपासमार आहे, हसू आहे, आणि देव या सगळ्यात वावरतो. सतराव्या शतकात पॅरिसच्या मठातल्या स्वयंपाकघरात ब्रदर लॉरेन्स भांडी घासता घासता देवाच्या सान्निध्यात राहत. जगभर त्यांची पुस्तिका वाचतात. आपल्याकडे लक्ष्मीबाई असताना आपली मुले ती इंग्रजीत मागवतात.

आमचे वडील रेल्वेत होते. नाइट ड्यूटी असली की डबा भरेपर्यंत प्रार्थना उरकलेली असे. थोडे शास्त्रवाचन, पेटीवर टिळकांचा एखादा अभंग, मग प्रत्येकाने स्वतःच्या शब्दांत देवाला दिवस सांगायचा. पाठ केलेली प्रार्थना चालत नसे. शेजाऱ्यांचे पेरू चोरले असतील तर तेही तिथेच निघे. रायपूरच्या तात्यापाऱ्यातले, वारकरी घराण्यातले एक काका पायरीवर बसून झांजा धरत. अभंग कोणाचा, हे त्यांनी विचारल्याचे आठवत नाही.

अभंग म्हणजे उरलेसुरले हिंदूपण, असा आक्षेप आमच्यातले काही उत्साही पाळक घेतात. त्यांच्या सभेत गिटार, ड्रम आणि अमेरिकी चाल चालते. ती कोणत्या शुभवर्तमानात आली, हे मात्र ते सांगत नाहीत. दुसरा पक्ष टिळकांना ‘थोर कवी’ म्हणून हार घालतो आणि कपाटात ठेवतो. दोघांमुळे एकच झाले: घरातले गाणे थांबले. इथे उपासना हिंदीत असते, त्याचे मला दुःख नाही; छत्तीसगढी भजनावर तर मीही डोलतो. दुःख याचे, की प्रार्थना करणे हे काम आता स्टेजवरच्या माणसाचे झाले. तो मोठ्याने देवाशी बोलतो, आपण हात वर करून ‘आमेन’ म्हणतो, आणि घरी येऊन मुलांच्या हातात मोबाइल देतो.

चंगाई सभेला जायला माझी ना नाही. आजारी माणूस आशेने जाणारच. नाताळच्या कॅरोलची तालीम आता सुरू होईल, तीही जोरात होऊ द्या. पण भेटेल त्या कुटुंबप्रमुखाला मी एकच विचारतो: सोमवारी संध्याकाळी तुमच्या घरात देवाशी कोण बोलते? या प्रश्नावर हवापाण्याच्या गप्पा काढणाऱ्यांना मी पुढच्या दिवाळी अंकातही सोडणार नाही.