पुरळ किती वेळानं उठलं?

लग्नात घातलेले खोटे झुमके रात्री काढून ठेवले, तेव्हा कान स्वच्छ होते. दुसऱ्या दिवशीही काही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र कानाच्या पाळ्या लाल, खाजऱ्या, पाणी सुटलेल्या. संशय जातो आदल्या रात्रीच्या कोळंबीवर. झुमक्यांची आठवणही कुणाला होत नाही.

मधल्या दोन दिवसांत काय घडत होतं, हे कळलं की आपल्याच कातडीविषयी आदर वाटू लागतो. धातूतलं निकेल घामात विरघळून आत शिरतं आणि प्रथिनांना चिकटतं. कातडीच्या वरच्या थरात फांद्या पसरून बसलेल्या लँगरहान्स पेशी हा परका ऐवज टिपतात. 1868 साली पॉल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याला त्या पहिल्यांदा दिसल्या, तेव्हा त्याला त्या मज्जासंस्थेच्या वाटल्या होत्या. खरं तर त्यांचं काम पहाऱ्याचं. त्या निकेलची ओळख लसिकाग्रंथींतल्या टी-पेशींना पटवून देतात आणि ही ओळख वर्षानुवर्षं टिकते. माणसाच्या कातडीत सुमारे 2000 कोटी टी-पेशी असतात, रक्तातल्यापेक्षा जवळजवळ दुप्पट! पुढच्या वेळी निकेल लागलं की त्या जमतात, पण जमायला एक ते तीन दिवस घेतात. ओळख एकदा पटली की वर्षभर निमूट सोसलेला दागिनाही एके दिवशी अचानक बाधतो. टिकलीचा गोंद, केसांचा कलप, चपलेचं रबर यांचंही असंच. आणि गाजरगवताचंही. 1950च्या दशकात पुण्यात नोंदलं गेलेलं हे तण आता देशभर पसरलं आहे. त्याचे कण वाऱ्यावर येतात, म्हणून पापण्या, मान, कोपराची लवण अशा उघड्या जागा पेटतात.

गांधीची चाल अगदी निराळी. ज्याला आपण अंगावर पित्त उठणं म्हणतो, ते काही मिनिटांत उठतं. कातडीतल्या मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात, बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात आणि फुगवटा येतो. एखाद्या गांधीभोवती पेनानं रेघ मारून ठेवा. बहुधा चोवीस तासांच्या आत ती तिथून नाहीशी होते, नवी दुसरीकडे उठते. त्यामुळे आमसुलाचं पाणी लावून गुण आला की ती आपणहून मावळली, हे सांगणं अवघडच. पण तीच गांधी रेघेच्या आत दिवसभराहून जास्त टिकली, दुखली, काळसर डाग ठेवून गेली, तर डॉक्टरांना दाखवायला हवी.

खरुजेचा किडा याहून सावकाश. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधल्या शेफिल्डला केनेथ मेलानबी यांनी युद्धाला नकार दिलेल्या स्वयंसेवकांवर प्रयोग केले. पहिल्यांदा लागण झालेल्यांना खाज सुटायला महिनाभर लागला. म्हणजे बोटांच्या बेचक्यात रात्री खाज सुटते तोवर किडा घरात फिरून आलेला असू शकतो. खाज एकालाच असली तरी उपचार सगळ्या घरानं एकाच वेळी करायचे, ते यासाठी.

आणि नागीण? लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूच्या मुळाशी दशकानुदशकं निजून राहतो आणि एखाद्या मुळातून जागा होतो. म्हणून पुरळ शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखं येतं आणि सहसा मध्यरेषेशी थांबतं. नागिणीनं कमरेला पूर्ण वेढा घातला की माणूस जातो, या समजुतीनं लोक अजून घाबरतात आणि मंत्र घालण्यात मोलाचे दिवस घालवतात, याचं फार वाईट वाटतं. विषाणूविरोधी गोळ्या पहिल्या 72 तासांत सुरू झाल्या तर सर्वांत उपयोगी. फोड कपाळावर, डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर असतील तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे, डोळ्याला धोका असतो.

घामोळं हवा-गारवा मिळाला की काही दिवसांत जातं. आठवडे गेले तरी कडेनं वाढत राहणारं वर्तुळ बहुधा गजकर्णाचं. त्यावर मेडिकलमधून स्टेरॉइड मिसळलेलं मलम स्वतःहून आणू नका. लाली ओसरते, बुरशी मात्र आत पसरत राहते.

काही वेळा मात्र थांबायचंच नसतं. गांधीसोबत ओठ किंवा जीभ सुजली, श्वास लागला, भोवळ आली, तर तत्काळ 108. ताप आहे आणि ठिपके उठलेत? काचेचा पारदर्शक पेला त्यांवर दाबून बघा. लाली दाबाखाली मावळली नाही, तर रक्त कातडीत झिरपलेलं आहे. त्यामागे रक्तातला जंतुसंसर्ग असू शकतो, डेंगूही असू शकतो. रात्र असली तरी रुग्णालयात जा. सावळ्या कातडीवर लाली लपते, तेव्हा तळवे आणि पापणीची आतली बाजूही पाहा. पेल्याखाली ठिपके मावळले, पण माणूस फार आजारी दिसतोय, तरीही थांबू नका.

नवं औषध सुरू केल्यावरचं पुरळ दुसऱ्या आठवड्यातही उठू शकतं, कधी त्याहून उशिरा. त्यासोबत तोंडात किंवा डोळ्यांत जखमा, कातडी दुखणं, फोड येऊन साल निघणं यांतलं काही दिसलं तर लगेच रुग्णालय. गेल्या दोन महिन्यांत घेतलेल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या बरोबर न्या, काढ्याची बाटलीसुद्धा. मोबाइलवर पहिल्या दिवसापासूनचे फोटो असतील तर तेही दाखवा. डॉक्टरांपुढे पोहोचेपर्यंत पुरळाचं रूप बदललेलं असतं.