रायपूरच्या आकाशातल्या पांढऱ्या रेघा: विष की वाफ?

थंडी पडली की 'विमानातून औषध फवारतायत' हा फॉरवर्ड फिरू लागतो. मंडळी, आधी हे वाचा. ✈️

मुंबई-कोलकाता मार्गावरची विमानं आपल्या भागावरून 10-12 किमी उंचीवरून जातात. तिथलं तापमान उणे 40 अंशांच्या आसपास किंवा त्याहून खाली असतं. 1 किलो इंधन जळलं की सुमारे सव्वा किलो पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं आणि काजळीच्या कणांभोवती गोठतं. तीच ती रेघ!

🔹 मग एक रेघ लगेच विरते, दुसरी तासभर का टिकते? हवा कोरडी असेल तर बर्फ उडून जातो. दमट असेल तर रेघ पसरत जाते.

🔹 फवारणी खरोखर होते ती कृत्रिम पावसासाठी. सोलापुरात पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने जाहीरपणे हे प्रयोग केले. पण त्यासाठी विमान ढगांजवळ न्यावं लागतं, निरभ्र आकाशात उपयोग शून्य.

🔹 2016 च्या एका सर्वेक्षणात 77 पैकी 76 तज्ज्ञांना गुप्त फवारणीचा पुरावा आढळला नाही.

या रेघा उष्णता अडवतात, ही काळजी मात्र खरी आहे. पुढच्या वेळी रेघ दिसली की फ्लाइट ट्रॅकर उघडा, विमान ओळखा, मगच फॉरवर्ड करा!