खोली मोजायची की जागा? पायथनच्या रिकर्शन-तपासणीची पाच वर्षं

पायथनमध्ये एखादं फंक्शन स्वतःलाच बोलावत सुटलं, की हजाराच्या आसपास इंटरप्रिटर त्याला अडवतो. हा पहारा फुकट नसतो. प्रत्येक कॉलला खोली एकाने वाढवायची, मर्यादेशी ताडून पाहायची, परतताना एकाने उतरवायची. प्रोग्राम चालताना असे कॉल कोट्यवधी होतात.

२०२० च्या ३.९ आवृत्तीत ही मर्यादा ग्लोबल व्हेरिएबलमधून निघून इंटरप्रिटरच्या नोंदीत गेली. रचना स्वच्छ झाली, पण ती वाचायला थ्रेडच्या नोंदीतून इंटरप्रिटरच्या नोंदीत डोकावावं लागू लागलं. २०२२ च्या ३.११ ने हिशेबच उलटा केला: किती खोल गेलो हे न मोजता किती शिल्लक आहे ते मोजायचं. थ्रेडपाशीच एक आकडा, त्यातून एक वजा, शून्याशी तुलना. इतकी साधी दुरुस्ती सुचायला मुळाशी जावं लागतं.

त्याच आवृत्तीत पायथन फंक्शनने पायथन फंक्शनला बोलावलं, तर बहुतेक वेळा सी-स्टॅक, म्हणजे इंटरप्रिटरच्या सी-कोडचा स्टॅक, वापरणंच बंद झालं. फिबोनाचीसारखी साधी फंक्शनं १.७ पट वेगाने धावू लागली. पण मग तो हजाराचा पहारा नेमका कशावर? पायथनची खोली आणि सी-स्टॅक भरून जाणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत, असं पायथनचे कोअर डेव्हलपर मार्क शॅनन यांनी २०२१ मध्येच पेप ६५१ या प्रस्तावात मांडलं होतं. तो फेटाळला गेला. मुद्दा मात्र बिनतोड होता, असं मला आजही वाटतं.

२०२३ च्या ३.१२ मध्ये दोन वेगळे काउंटर आले: एक पायथनसाठी, एक सी-बाजूसाठी. सी-बाजूचा आकडा मर्यादा बदलणाऱ्या 'सेटरिकर्शनलिमिट'ला दाद देईना. निकाल साठवून ठेवणारं 'एलआरयू_कॅश' लावलेली, आधी सुरळीत चालणारी रिकर्सिव्ह फंक्शनं मर्यादा वाढवूनही अडू लागली. प्रत्येक प्लॅटफॉर्मसाठी निराळा आकडा ठरवत बसावं लागलं, कारण एका कॉलला किती स्टॅक लागेल हे आकड्याला कळत नाही.

२०२५ च्या ३.१४ ने सी-बाजूचं मोजणंच सोडलं. आता स्टॅकचा सध्याचा पत्ता थेट राखीव सीमेशी ताडला जातो. परतताना उतरवायला काही उरलंच नाही, म्हणून 'पाय_लीव्हरिकर्सिव्हकॉल' हे फंक्शन जुन्या एक्स्टेन्शन्ससाठी जागेवर आहे, पण आत एकही ओळ नाही.