विमानाला न लागणारी चिप

२००६ साली आसूस आणि बीएफजी या कंपन्यांनी संगणकात बसवायचे एक नवे कार्ड बाजारात आणले. किंमत सुमारे ३०० डॉलर, म्हणजे चांगल्या ग्राफिक्स कार्डाएवढी. त्यावरची फिजएक्स चिप एजिया या अमेरिकी कंपनीची. काम एकच : खेळातल्या वस्तूंची गती, त्यांच्या टकरी, कापडाची सळसळ, द्रवाचा ओघ यांचा हिशेब करणे. त्याच वर्षी ऑक्टोबरात मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर एक्स आला आणि भल्याभल्या संगणकांना धाप लागली. भौतिकीवर उभा असलेला खेळ हाच, तेव्हा ही चिप आधी त्याच्याच कामी यावी, असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात विमानाच्या सिम्युलेटरला तिचा उपयोग फारच थोडा होता.

कारण विमानाचे भौतिकशास्त्र अवघड असले तरी त्याचे गणित थोडे आहे. एजियाची चिप एकाच वेळी आदळणाऱ्या हजारो तुकड्यांसाठी घडवलेली. विमान मात्र एकच वस्तू, तीन दिशांना सरकणारी आणि तीन अक्षांभोवती वळणारी. फ्लाइट सिम्युलेटर एक्स तर विमानाचे बरेचसे वर्तन आधीच भरून ठेवलेल्या कोष्टकांतून वाचतो. ऑस्टिन मायरचा एक्स-प्लेन याहून कष्टाळू. तो पंख आणि पंख्याची पाती छोट्या तुकड्यांत विभागून प्रत्येकावरचे बल काढतो. असे १०० तुकडे, प्रत्येकी २०० आकडेमोडी, सेकंदाला १०० वेळा, असे धरले तरी बेरीज २० लाखांवर जात नाही. त्या काळचा साधा प्रोसेसरही सेकंदाला शेकडो कोटी क्रिया करत होता. खरी अडचण आकडे कुठून आणायचे ही आहे. पंखावरची हवा सुटू लागते त्या क्षणी, किंवा विमान गिरकी घेत खाली येते तेव्हा, कोणते बल किती, हे वातबोगद्यातल्या चाचण्या आणि प्रत्यक्ष उड्डाणांतून कळते. ही माहितीच हाती नसेल तर वेगवान चिप चुकीचे उत्तर लवकर देईल, एवढेच.

यावर पहिला आक्षेप असा की, निदान प्रोसेसरवरचा भार तरी हलका होईल. होईल, पण नको तिथला. फ्लाइट सिम्युलेटर एक्समध्ये प्रोसेसर दमत होता तो मुख्यतः जमीन, झाडे आणि इमारती उभ्या करताना. २००७ च्या पहिल्या सुधारणा-संचाने ती कामे प्रोसेसरच्या अनेक गाभ्यांवर वाटली, तेव्हा खेळाडूंना खरा दिलासा मिळाला, तोही फुकट. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : १९९६ मध्ये त्रिमितीय चित्रे काढणारे व्हूडू कार्डही असेच नवखे होते, मग ते कसे रुजले? चित्र सुधारले तरी खेळाचा निकाल बदलत नाही. भौतिकीचे तसे नाही. कार्ड असलेल्याचे विमान एका रीतीने उडाले आणि नसलेल्याचे दुसऱ्या, तर दोघांनी एकत्र उडायचे कसे? म्हणून खेळ बनवणाऱ्यांनी या चिपला बहुधा शोभेची कामे दिली. घोस्ट रेकॉन अॅडव्हान्स्ड वॉरफायटरमध्ये ढिगारे जास्त उडाले, आणि ते रंगवण्याचा बोजा ग्राफिक्स कार्डावर पडून खेळ कधीकधी उलट संथच झाला.

तिसरा मुद्दा मला मान्य आहे. भोवतालच्या हवेचाच प्रवाह सोडवायचा ठरवला, डोंगरामागचे भोवरे किंवा पुढच्या विमानाने ढवळलेली हवा, तर गणित खरोखर अफाट होते. पण त्यासाठी लागते ती सरसकट आकडेमोडीची ताकद, आणि ती ग्राफिक्स कार्डांत येतच होती. फेब्रुवारी २००८ मध्ये एनव्हिडियाने एजिया विकत घेतली आणि पुढे फिजएक्स आपल्या ग्राफिक्स कार्डांवर चालवून दाखवले. वेगळ्या कार्डाचे पैसे मोजलेल्यांच्या हाती एक जुना पीसीआय तुकडा तेवढा उरला.