इसार आजच टाका

जुळे सोलापुरातलं घर पसंत पडलं, भाव ठरला आणि वकील आले. विकणाऱ्यांचे. "दोन्हीकडचं मीच बघतो की, तुम्ही कशाला वेगळी फी घालवता?" आपल्याकडे एजंट, विकणारा आणि वकील एकाच टेबलावर चहा घेतात, त्यात कुणाला वावगं वाटत नाही.

इसारपावती टाइप करून तयार. "दुसरी पार्टी यायलीय, आजच पाच लाख टाका." मग फोन सुरू, सकाळी, दुपारी, ऐन जेवणात. वाद घातला नाही, नुसते कागद मागत राहिलो. जो कागद द्यायला टाळाटाळ होते, त्यातच मेख असते.

पावतीतलं एक कलम असं होतं: लिहून घेणाऱ्याने मुदतीत व्यवहार पुरा केला नाही तर इसार जप्त. लिहून देणाऱ्याने फिरवलं तर काय? त्यावर अक्षर नव्हतं. आणि 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 54 सांगतं, की नुसत्या विक्रीच्या कराराने मिळकतीत हक्क तयार होत नाही. पैसे मात्र गेलेले असतात.

आम्ही आमच्या वकीलबाई केल्या. त्यांनी आधी मिळकत पत्रिका उघडली. वडील वारल्यावर वारस म्हणून लागलेली नावं विकणाऱ्या तिघा भावांची. बहिणी दोन, दोघी कलबुर्गीला दिलेल्या, नाव एकीचंही नाही. विचारलं तर वकीलसाहेब हसले, "त्यांची तोंडी संमती आहे हो, कोण येतंय भांडायला?"

घर वडिलांनी स्वतः कमावलेलं, मृत्युपत्र नाही. अशा मिळकतीत 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासून मुलीचा वाटा मुलाइतकाच. पत्रिकेवर नाव लागलं नाही म्हणून तो बुडत नाही. सोडायचा तर हक्कसोडपत्र नोंदवावं लागतं, तोंडी चालत नाही.

वकीलबाईंनी एकच निरोप धाडला: बहिणी लिहून देणार म्हणून सहीला येणार असतील तर इसार, नाहीतर राम राम. आठवडाभर फोन थंडावला. दुसरी पार्टी काही उगवली नाही. मग भावांनीच बहिणींशी बोलणी केली. इसारपावती नव्याने लिहिली, जप्तीचं कलम दोन्ही बाजूंना लावलं. खरेदीखताच्या दिवशी दुय्यम निबंधकांसमोर पाचही जणांचे फोटो, अंगठे झाले.

जुन्या मसुद्याची फी वकीलसाहेबांनी माझ्याकडे मागितली. ज्यांचं काम केलं त्यांच्याकडे बोट दाखवलं.