शिंपला : पाण्याचा राखणदार

पाण्याचा नमुना त्या दिवसाची खबर देतो, शिंपला कित्येक महिन्यांची. तो जागचा फारसा हलत नाही. एका छिद्रातून पाणी आत ओढायचे, कल्ल्यांत अन्नकण गाळायचे, दुसऱ्यातून पाणी सोडायचे, हा त्याचा दिनक्रम. पाण्यातून आलेले शिसे, कॅडमियम मांसात साठत जाते. म्हणूनच शास्त्रज्ञ एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९७५ मध्ये किनाऱ्यांसाठी ‘मसल वॉच’, म्हणजे शिंपल्यांवरून पाण्यावर नजर ठेवणे, सुचवले. अमेरिकेत १९८६ पासून ते राबवले गेले.

मराठवाड्यातल्या आपल्या धारूरला समुद्र नाही. पण या भागातल्या नद्या-तलावांच्या गाळात लॅमेलिडेन्स वंशाचे शिंपले आढळतात. जायकवाडी धरणाच्या शिंपल्यांवर औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) विद्यापीठात संशोधनही झाले आहे. धारूरशेजारच्या माजलगाव धरणातही ठरावीक जागचे, सारख्या आकाराचे शिंपले घेऊन, मांस वाळवून धातू नेमाने मोजले जावेत. धरणांचे पाणी शेवटी आपल्याच घागरीत येते.